बाजेवर शिकलेलं पोहणं

कारंजा

“भर उन्हाळ्यात वऱ्हाडात पोहायला शिकवायला चाललास? अरे, आधी तिथे पाणी आहे का ते तरी विचार!”

दाभोळच्या धक्क्यावर आमचे थोरले बंधू हे अख्ख्या बोटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले आणि हसले. चारचौघांत मला कोणी हसलं की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरलं की मग ब्रह्मदेव आला तरी मी माघार घेत नाही. तोवर खरं म्हणजे जावं की न जावं असं माझं चाललं होतं. ते हसले आणि माझा प्रवास पक्का झाला.

बोलावणं होतं दत्तोपंतांचं. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहत होतो. आता ते कारंज्याला शाळामास्तर आहेत. आसपासच्या खेड्यांतल्या तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी एक उन्हाळी वर्ग काढला होता. सुट्टीत पोरं एक तर लग्नाच्या पंगती उठवतात, नाही तर उन्हात हुंदडून डोळे आणून घेतात. त्यापेक्षा धनज गावच्या आमराईत महिनाभर राहू देत, कवायत, नकाशे काढणं, जखमेवर पट्टी बांधणं, सूतकताई असं काही शिकू देत, असा बेत. त्यात पोहणं घालायचं होतं आणि त्यासाठी खाडीकाठचा माणूस हवा होता.

मी निघताना पोतंभर असोले, म्हणजे न सोललेले, नारळ बरोबर घेतले. आमच्याकडे पोराला पोहायला शिकवायचं म्हणजे दोन सुके असोले नारळ जोडीने बांधून छातीखाली द्यायचे आणि खाडीत सोडून द्यायचं. बाकीचं खाडी शिकवते. मुंबईपासून मूर्तिजापूरपर्यंत त्या पोत्याने माझ्या पायांना जागा दिली नाही. मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून कारंज्याच्या छोट्या गाडीत बसलो. ती इतकी सावकाश चालते की, माझ्या समोरचे गृहस्थ पाय मोकळे करायला चालत्या गाडीतून उतरले आणि विडी पेटवून पुन्हा चढले. पोतं पाहून म्हणाले, “एवढे नारय! कोन्या देवाले चालले बाप्पा?”

मी म्हटलं, “देवाला नाही, पोहायला.”

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ते उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसले.

आमराई

कारंज्याहून धनजपर्यंत पाटलांनी दमणी पाठवली होती. दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी. रस्ता चांगला असला तर झोप लागते, नसला तर जीभ चावली जाते. दोन्ही बाजूंना उलून पडलेली काळी रानं होती आणि त्यांच्यावर हवा थरथरत होती. लांबवर मला चक्क पाणी दिसलं, पलीकडे झाडांची सावलीसुद्धा त्यात पडलेली. मी उठून उभा राहिलो. गाडीवान मागे न बघताच म्हणाला, “बसा मास्तर, तिकडं पाहू नोका. डोये दुखतीन.” मी बसलो, पण ते पाणी वाटभर माझ्या बाजूने चालत राहिलं आणि मला गुंगी आली. जाग आली ती सावलीत.

सबंध महिनाभर माझं हेच होत राहिलं. आमराईत पहाटे कवायत, मग विहीर, मग ज्वारीची भाकरी, ठेचा आणि डोळ्यांतून पाणी काढणारा, बेसनाच्या पातोडीचा रस्सा. भात मागितला तर आचाऱ्याने विचारलं, “ताप आला काय?” त्यानंतर ऊन असं चढायचं की, बोलणं आपोआप बंद पडायचं. पोरं सतरंज्यांवर आडवी व्हायची. सुताच्या चात्या थांबायच्या. वारा सुटला की, सगळी आमराई एकदम सळसळायची आणि अर्धवट झोपेत मला वाटायचं, भरती आली. खाडीतला पडाव ओढून काठावर घ्यायला हवा. मी धडपडून उठायचो आणि समोर सुकी पानं, बैल, रवंथ. मग पुन्हा डोळे मिटायचे. असं सुख मला आयुष्यात कधी मिळालेलं नाही, खोटं कशाला बोला.

पण माझ्या नारळांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी पाटील आले. आमराई त्यांची, विहीरही त्यांचीच. माणूस मोठा दिलदार. पोतं उघडून त्यांनी दोन्ही हात जोडले. “वा मास्तर! कोकनातून नारय आनले तुमी! पान्याची पूजा त्याच्याबिगर कशी होईन?” आणि मी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत एक नारळ सोलून विहिरीपुढे फुटला, दुसरा मारुतीपुढे, तिसरा आमराईच्या वेशीवर, उरलेले पोरांनी दगडावर आपटून खाल्ले. कोकणातून वऱ्हाडात पोहण्याची जी विद्या मी नेली होती, तिचा असा प्रसाद झाला. मी कपाळाला हात लावून बसलो.

तेव्हा गंगाबाई आल्या.

पाटलांचा भाजीमळा त्या बटाईने करत. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला. वांगी, भोपळे, सांभार (म्हणजे आपली कोथिंबीर) सगळं बाई स्वतः पिकवीत आणि कारंज्याच्या बाजाराला नेत. विहिरीवर मोट चाले तीही त्यांचीच. झोपडीच्या छपरावर वाळवलेले भोपळे त्यांनी टोपली भरून आणले आणि माझ्यापुढे ठेवले. “आमच्याकडं पोट्टे यायनंच पोहाले शिकते. लागन तितके न्या मास्तर.” मग पदर सारखा करून म्हणाल्या, “पन माह्या किसन्याले पान्यात नोका उतरवू. बाकी सारं शिकवा. पानी नाई.”

किसन त्यांच्यामागे उभा होता. पंधराएक वर्षांचा, उंच, वर्गात सगळ्यांत सुबक नकाशे काढणारा. आईचं बोलणं होईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

कारण दत्तोपंतांनी मागाहून सांगितलं. किसनचा थोरला भाऊ विठू गेल्या श्रावणात नाल्याच्या पुरात गेला. बैल पलीकडे अडकले होते, ते आणायला उतरला. किसन काठावर होता.

मी तसा बडबड्या माणूस. किसनला बाजूला घेऊन समजावू लागलो की, आईचं ऐकावं, पोहणं काही जन्माला पुरत नाही वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“मास्तर, मी काठावर होतो,” तो म्हणाला. “विठूदादानं हात वर केलता. मले पोहता आलं असतं त मी गेलो असतो. मले आलं नाई.”

मी माझी शहाणपणाची पोथी गुंडाळली.

दुसऱ्या दिवसापासून बाकीची पोरं पाठीला भोपळे बांधून विहिरीत डुंबायची आणि किसन पायरीवर बसून त्यांचे कपडे सांभाळायचा. विहीर मोठी, पायऱ्यांची, आणि भर उन्हाळ्यातही तळ न दिसणारी. पोहण्याच्या पहिल्याच दिवशी गोविंदा नावाच्या पोराचा भोपळा सुटला आणि तो सरळ खाली गेला. मी सूर मारून त्याचा हात पकडला आणि वर आणला. गोविंदा पाणी ओकला, रडला, आणि घटकाभराने पुन्हा उतरला. हे सगळं पायरीवरून पाहणाऱ्या किसनचे हात आपोआप हलत होते. मला ते बघवेना.

त्या दुपारी मी त्याला हाक मारली. “तुझी आई पाण्यात नको म्हणाली ना? बाजेवर नको, असं तर नाही म्हणाली?”

आंब्याखाली गंगाबाईंची सुंभाची बाज होती. तिच्यावर त्याला पालथा घातला. हात असे, पाय असे, मान अशी, दम इथे घ्यायचा. पहिल्या दिवशी पोरं हसून लोळली. नंतर हसेनाशी झाली, कारण ज्या गोष्टी पाण्यात त्यांना जमत नव्हत्या त्या किसनला बाजेवर जमू लागल्या. सगळी आमराई पेंगत असे, वरून पानांची सावली हलत असे आणि तो पोरगा डोळे मिटून बाजेवर सावकाश पोहत असे. कुठे जात असे कोण जाणे. मीही पेंगत असे, आणि पेंगता पेंगता वाटे की, बाज खरंच थोडी पुढे सरकली आहे.

एकदा मोट सोडून जाताना गंगाबाईंनी हे पाहिलं. मी दचकून उठलो; आता बोलणी बसणार! त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“काय करून राह्यला रे?”

“काई नाई माय. पडून राह्यलो.”

“पडून राह्यला त लाता कोनाले मारून राह्यला? बाज मोडशीन माही!”

पोरं फिदीफिदी हसली, बाईही हसल्या आणि हसत हसतच वळल्या. पण चार पावलांवर त्या पुन्हा थांबल्या, मागे वळून बाजेकडे पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावून निघून गेल्या. दत्तोपंत म्हणाले, “विठू गेल्यापासून बाईंना हसताना आजच पाहिलं.”

अखजी

आता माझी फजिती. आमराईत शेंदऱ्या नावाचं एक झाड बाकीच्यांच्या आधी पाडाला येई. एका सकाळी त्याच्याखाली पिवळाधमक आंबा पडलेला दिसला. मी कोकणचा, आंबा दिसला की माझा हात माझा राहत नाही. उचलला, चोळला, देठ मोडून चीक काढला आणि चोखला. वर पाहतो तो सगळा वर्ग गोल उभा राहून माझ्या तोंडाकडे टक लावून बघतो आहे.

“काय झालं? खाल्ला नाहीत कधी? घ्या की!”

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकाने उचलला, मग दुसऱ्याने, आणि मग काय, झाडाखाली पाड म्हणून उरला नाही. गोविंदाच्या अंगावर उन्हाने फोड उठले होते, म्हणून दत्तोपंतांनी त्याला आंबा, गूळ सगळं बंद केलं होतं. तो बिचारा नुसता वास घेत बसला. आणि किसनने आंबा हातात घेतला नाही.

संध्याकाळी पाटलांनी ऐकलं आणि हसावं की रागवावं ते त्यांना कळेना. अक्षयतृतीयेला इथे अखजी म्हणतात. त्या दिवशी नवी घागर भरून घरातल्या गेलेल्या माणसांना आंब्याचा रस वाढायचा. त्यांनी खाल्ल्यावाचून घरात कोणी आंब्याला तोंड लावायचं नाही. “गुरुजीनं खाल्ला, मंग आमाले काय,” असं पोरांनी घरी सांगितलं म्हणे. आमच्याकडे आंबा आधी देवाला दाखवतात खरा, पण देवाला दाखवून लगेच आपण खातो. पितरांसाठी थांबलेली आमराई मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला मनापासून लाज वाटली.

लाज तिथेच संपली असती तर बरं होतं. अखजीच्या आदल्या दिवशी गंगाबाई आल्या. विठूची ही पहिली अखजी. इथली रीत अशी की, गेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या वयाचा, दुसऱ्या घरचा कोणी पाटावर बसवायचा, त्याला पित्तर म्हणतात. तो जेवला की गेलेला जेवला. विठू अठराचा होता. वर्गातला एखादा उंचापुरा पोरगा त्यांना हवा होता.

“पन आंबा खाल्लेला नोको मास्तर. विठूच्या आधी ज्यानं खाल्ला, त्याले विठूच्या पाटावर कसं बसवू?”

मी मान खाली घातली. किसन सोडला तर वर्गातल्या सगळ्या उंच पोरांनी खाल्ला होता. बाई रागावल्या नाहीत, पण त्यांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात मागून गोविंदा म्हणाला, “मायबाई, मी नाई खाल्ला. मले फोडं हायेत.”

गोविंदा वर्गात सगळ्यांत ठेंगणा, नखशिखांत काळ्या मलमाने माखलेला. गंगाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “चालते. तूच ये बाबू.”

त्या दुपारी मी बाजेवर डोळे मिटून पडलो होतो, तेव्हा पोरांची कुजबूज कानावर आली. “अबे गोविंद्या, पित्तरानं मागतलं त नाई म्हनत नाई कोनी. तू विठू म्हनून सांग ना, किसन्याले पोहू दे म्हना.”

मी ताडकन उठलो. “मेलेल्या पोराच्या तोंडून मागायचं? त्या बाईला फसवायचं? कोणी ब्र काढलात तर पाठीवर भोपळे फोडीन एकेकाच्या!”

किसन झाडाला टेकून बसला होता. तो म्हणाला, “मले बी असं नोको मास्तर. मायनं सोताहून देल्लं त ठीक.”

अखजीला मला आणि दत्तोपंतांना गंगाबाईंचं जेवणाचं बोलावणं होतं. सारवलेल्या ओट्यावर लाल नवी घागर, तिच्यात वाळा, तोंडावर आंबा. शेजारी पाट. पाटावर गोविंदा, न्हालेला, टोपी घातलेला, आणि इतका गंभीर की मला तो ओळखू येईना. ताटात आमरस, सरगुंडे, पुरणाची पोळी, कुरडया, कढी. सरगुंडे म्हणजे काडीवर वळलेल्या, पोकळ, जाड शेवया; त्यांच्यात रस शिरतो आणि मग त्या तोंडात घातल्या की, आपण कुठल्या जिल्ह्याचे हे आठवत नाही. पण ते नंतर. आधी पित्तर जेवायचा होता.

गोविंदा जेवला. कित्येक दिवस गोड बंद असलेला पोरगा तो. वाटीमागून वाटी रस गेला. दत्तोपंत फोडांकडे न बघता घागरीकडे बघत राहिले. गंगाबाई समोर बसून पदराने वारा घालत होत्या.

“पोट भरलं काय बाबू?”

“भरलं माय.”

माझा जीव भांड्यात पडला. पोराने शब्द राखला होता. तो हात धुवायला उठणार, एवढ्यात बाईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं,

“बाबू, पान्यात तुले भेव वाटलं काय रे?”

किसन दाराशी तांब्या घेऊन उभा होता, तो तसाच राहिला. गोविंदाने आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्याने बाईंकडे पाहिलं, आणि जे त्याला माहीत होतं ते सांगितलं.

“लय वाटलं माय. नाकातोंडात पानी गेलं, काईच दिसे ना. तुहीच आठोन आली. मंग मास्तरनं हात धरला.”

गंगाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते त्यांनी पुसलं नाही. “विठूचा धराले कोनी नव्हतं,” त्या म्हणाल्या. “कोनाले पोहताच येत नव्हतं काठावर.” मग उठून त्यांनी गोविंदाच्या हातावर पाणी घातलं, त्याचे हात स्वतःच्या पदराने पुसले आणि आम्हाला पानं वाढायला घेतली. मी रडत रडत सरगुंडे खाल्ले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

विहीर

दुसऱ्या सकाळी मोटेचा आवाज आला नाही. विहिरीवर जाऊन पाहतो तो बैल झाडाला बांधलेले आणि गंगाबाई पायऱ्यांवर. हातात मोटेचा दोर. शेजारी लंगोट लावलेला किसन, आणि त्याच्या कमरेला त्या स्वतः गाठ मारत होत्या; एक मारली, तिच्यावर आणखी एक मारली.

“उतरवा मास्तर,” त्या म्हणाल्या. “दोर माह्या हाती राहीन.”

किसन पाण्यात शिरला, बाजेवर शिकवला होता तसा हात पुढे टाकला आणि सरळ बुडाला. बाज काही कोणाला बुडायला शिकवत नाही. मी उडी मारणार तोच गंगाबाईंनी असा हिसका दिला की पोरगा मोटेसारखा वर आला. खोकला, ठसकला, आईकडे बघून हसला. पुन्हा हात टाकला. या वेळी पाय उचलले गेले, मान वर राहिली, आणि आमराईतलं ते सगळं दुपारचं पोहणं पाण्यावर उतरलं. पोरं ओरडायला लागली. मी त्यांना गप्प केलं आणि स्वतःच ओरडायला लागलो.

बाई पायरीपायरीने खाली येत होत्या आणि हातातला दोर हात-हात सोडत होत्या. विहिरीच्या मध्यापर्यंत तो गेला. तिथे मात्र अडखळला. सुंभाचा जाड दोर भिजून जड झाला होता आणि त्याला मागे, खाली ओढत होता. मी बाजूने पाण्यात होतो. मला दिसलं, पण मी काही बोलायच्या आत किसनच ओरडला,

“माय, सोड! दोर वढून राह्यला मले!”

गंगाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी किसनच्या हाताजवळ होतो. मी नुसता हात वर करून दाखवला. त्यांनी दोराकडे पाहिलं. मुठी घट्ट होत्या, बोटं पांढरी पडली होती. मग एक-एक बोट सुटलं आणि दोर पाण्यात पडला.

किसनने कमरेची गाठ सोडवायचा प्रयत्नही केला नाही. सैल दोर मागे तरंगत राहिला आणि तो पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकला. तिथल्या दगडाला धरून धापा टाकत त्याने वळून पाहिलं. गंगाबाई शेवटच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“ये आता इकडं,” त्या म्हणाल्या. “मी इथंच हावो.”